बिनलेबलचे झुपकेदार गुलाब: फ्लोरिबंडा ओळखायचे कसे, सांभाळायचे कसे?

ओंजळ
नमस्कार मंडळी. या घरात राहायला आलो तेव्हा बागेत तीन गुलाब आधीपासूनच होते. कुणी लावले, कुठून आणले, काही माहिती नाही. लेबलं कधीच गळून गेलेली. तिन्ही झुपक्यांनी फुलतात म्हणून मी त्यांना फ्लोरिबंडा धरून चालले आहे, पण खात्री नाही.

पहिला पांढरा. कमरेएवढं झुडूप, जवळजवळ बिनकाट्याचं, पानं फिकट हिरवी नि चकचकीत. फूल पूर्ण उमललं की सपाट होतं आणि मधले पुंकेसर दिसायला लागतात. हवा गार झाली की कळ्यांवर गुलाबी छटा येते.

दुसऱ्याच्या एकाच झुपक्यात एकाच वेळी पिवळी, गुलाबी आणि लाल फुलं असतात.

तिसऱ्याने मला कोड्यात टाकलंय. शेजारच्या काकू म्हणतात की हा बुटका होता आणि गुलाबी फुलं यायची. आता त्याला माणसाहून उंच, वाकणाऱ्या फांद्या सुटल्या आहेत. वर्षातून एकदाच बारीक पांढऱ्या फुलांचे मोठाले घोस येतात आणि मग वर्षभर नुसतं पानच.

नावं कळली तर हवीच आहेत. शिवाय छाटणी, खत, पाणी तिघांचं सारखंच ठेवायचं का, हेही सांगा.

खुरपं
ओंजळ, वर्णन इतकं नेमकं केलंत की निम्मं काम झालं.

आधी गट ओळखू, नाव मागाहून. फ्लोरिबंडाची खूण सुट्या फुलात शोधायची नाही, फांदीच्या टोकाकडे बघायचं. हायब्रीड टी लांब दांड्यावर बहुधा एकच मोठं फूल देतो, मधोमध उंच सुळका असलेलं. फ्लोरिबंडाच्या दांड्याला टोकाशी फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर कळी येते. फूल साधारण ५ ते ८ सेंमी. झुडूप ६० ते १२० सेंमी, बुंध्यापासून भरलेलं, आणि एक बहर ओसरला की दुसरा. पॉलिअँथा हा जवळचा नातेवाईक, पण त्याची फुलं जेमतेम अडीच सेंमीची आणि घोसात संख्या कितीतरी जास्त.

झुपक्यातली मधली कळी सगळ्यात आधी फुलते. बाजूच्या उमलेपर्यंत ती वाळून तपकिरी होते आणि सगळ्या झुपक्याची शोभा घालवते. म्हणून प्रदर्शनात ठेवणारे मधली कळी मुगाएवढी असतानाच नखाने खुडतात, म्हणजे बाकीच्या सगळ्या एकदम फुलतात. हायब्रीड टीला बरोबर उलट करतात, मधली ठेवून बाजूच्या काढतात.

तुमचे पहिले दोन नक्की फ्लोरिबंडा वाटतात. तिसऱ्याबद्दल मला शंका आहे. तो गुलाब बदललेला नाही, वरचं कलम दबलंय आणि खालचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम केलं होतं तो जंगली गुलाब, वर आलाय. त्याच्या पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथला जवळून फोटो टाकाल का?

झारी
वाचनखूण साठवली आहे. पांढरा तर आईसबर्गच. डोळे झाकून सांगते.

पानगळ
झारी, गुलाब डोळे उघडून ओळखू या :)

पांढरा, झुपक्यांचा, कमी काट्यांचा असा एकटा आईसबर्गच नाही. समर स्नो १९३८ पासून बाजारात आहे, त्यालाही काटे नावालाच. फरक करायचा तर फूल मोजा: आईसबर्गचं मोठं, समर स्नोचं त्याहून लहान पण झुपका जास्त गच्च. कळीवरची गुलाबी छटा आणि फिकट चकचकीत, टोकदार पान या दोन गोष्टींमुळे माझाही कल आईसबर्गकडेच आहे. पण कल म्हणजे निदान नव्हे.

खुरपं, तुमच्या गटवारीत एक भर. अमेरिकेत ग्रँडिफ्लोरा नावाचा वेगळा गट मानतात: झुपके फ्लोरिबंडासारखे, फुलाचा घाट हायब्रीड टीचा आणि झाड उंच. १९५४ चा क्वीन एलिझाबेथ त्यातला पहिला. ब्रिटनमध्ये हा गट मानतच नाहीत, तिथे तोच गुलाब फ्लोरिबंडात बसतो. एकच झाड दोन पुस्तकांत दोन गटांत सापडलं तर गोंधळून जाऊ नका.

ओंजळ
पानगळ, मोजलं. पूर्ण उघडलेलं पांढरं फूल सात सेंमीच्या थोडं वरच भरतंय. पाकळ्या वीस-बावीस. वास अगदी पुसट, नाक खुपसलं तरच येतो.

खुरपं
मग माझ्या लेखी आईसबर्ग. पाकळ्या मोजल्यात हे फार छान केलंत. आठपर्यंत पाकळ्या असल्या की एकेरी, सोळा-सतरापर्यंत अर्धदुहेरी, त्यापुढे दुहेरी, आणि चाळिशी ओलांडली की अति-भरगच्च. नोंदींमध्ये रंगाच्या बरोबरीने पाकळ्यांचा आकडा असतोच, आणि रंगापेक्षा तो जास्त विश्वासाचा. रंग ऊन, गारवा, फुलाचं वय, फोन, सगळ्यांमुळे बदलतो.

जुनीवही
आईसबर्गचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. मला या गटाचा इतिहासच फार आवडतो.

सुरुवात डेन्मार्कची. तिथल्या पौलसेन घराण्याला कडक थंडीत टिकणारे आणि सतत फुलणारे गुलाब हवे होते. पॉलिअँथा काटक होते पण फुलं बारीक, हायब्रीड टी देखणे पण नाजूक. डिनेस पौलसेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोघांचा संकर केला. त्यांचे भाऊ स्वेंड यांचे एल्स पौलसेन आणि कर्स्टन पौलसेन हे गुलाब १९२४ मध्ये आले आणि मग लोकांचं लक्ष गेलं. तेव्हा त्यांना हायब्रीड पॉलिअँथा म्हणत. फ्लोरिबंडा हे नाव नंतर अमेरिकेत रूढ झालं. तिथे जॅक्सन अँड पर्किन्सच्या जीन बर्नर यांनी इतके फ्लोरिबंडा काढले की त्यांना पापा फ्लोरिबंडा म्हणू लागले.

आईसबर्ग जर्मनीच्या राइमर कॉर्डेस यांचा, १९५८ चा. आईबाप रॉबिन हूड आणि व्हर्गो. रॉबिन हूड हा हायब्रीड मस्क गटातला, म्हणून आईसबर्गचं झुडूप इतर फ्लोरिबंडांपेक्षा मोकळं आणि डौलदार वाढतं. १९८३ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. या गटातल्या गुलाबांत लोकांनी सगळ्यात जास्त जीव लावला असेल तर तो याच गुलाबाला, असं माझं मत आहे, आणि ते योग्यच झालं.

आता ओळखीच्या कामाचं. हाच गुलाब श्नेविटचेन आणि फे दे नेज या नावांनीही विकला जातो. म्हणून विकत घेताना लेबलावरचं सांकेतिक नाव बघायची सवय लावा. ते देशोदेशी एकच राहतं आणि त्याची पहिली अक्षरं पैदासकाराची असतात. आईसबर्गचं कॉर्बिन, त्यातलं कॉर म्हणजे कॉर्डेस. मेय दिसलं की मेयां, हार दिसलं की हार्कनेस, पौल दिसलं की पौलसेन. व्यापारी नाव बाजारागणिक बदलेल, हे बदलत नाही.

गच्ची
हे सांकेतिक नावाचं माहीतच नव्हतं! माझ्याकडच्या लेबलावर हार ने सुरू होणारं काहीतरी आहे. मी ते बाग करणाऱ्याचं नाव समजत होतो.

दुसऱ्या गुलाबाचं काय मग? एका झुपक्यात तीन रंग म्हणजे कलमात दोन-तीन जाती एकत्र भरल्यात का?

पानगळ
नाही गच्ची, जात एकच आहे. फूल पिवळं उमलतं, मग गुलाबी होतं, शेवटी लाल. झुपक्यातली फुलं वेगवेगळ्या दिवशी उमललेली असल्यामुळे तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात. पिवळं रंगद्रव्य उन्हात फिकं पडत जातं आणि लाल चढत जातं. बहुतेक गुलाब वयाबरोबर फिके होतात, हे उलटं गडद होणं चायना गुलाबांकडून आलेलं आहे. ओंजळ, एका कळीच्या देठाला दोरा बांधा आणि रोज बघा, स्पष्ट कळेल.

या रंगाचा सगळ्यात गाजलेला फ्लोरिबंडा म्हणजे बर्नर यांचा मास्करेड, १९४९. पण त्याची संततीही रंग बदलते. रुंबा त्यातलाच, फूल जास्त भरलेलं. तुमचं फूल मोकळं, अर्धदुहेरी असेल आणि वाळलेली फुलं न काढल्यास भरपूर फळं धरत असतील तर मास्करेडची शक्यता जास्त.

ओंजळ
फळं खूप धरतात! गोल, आधी हिरवी मग नारिंगी. मला वाटायचं शोभेला बरी आहेत, म्हणून ठेवते.

खुरपं
शोभेला बरी, पण झाड मग बियांच्या मागे लागतं आणि पुढचा बहर लांबतो. फुलं हवी असतील तर फळ धरू देऊ नका. वर्षाच्या शेवटच्या बहराची ठेवा हवी तर.

फ्लोरिबंडात वाळलेलं फूल काढायची पद्धतही वेगळी आहे. झुपक्यातलं एकेक कोमेजलेलं फूल आधी हाताने मोडून काढा. सगळा झुपका संपला की मगच अख्खा दांडा कापायचा, खालच्या सशक्त, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (पानाच्या बगलेतल्या कोंबाच्या) वर. एक फूल वाळलं म्हणून झुपका कापलात तर राहिलेल्या कळ्या गेल्या.

झारी
पाच पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) पानापर्यंत कापायचं ना? तीनवालं सोडून?

पानगळ
हा नियम सगळीकडे सांगतात, पण फ्लोरिबंडासाठी मी तो पाळत नाही. पाच पर्णिकांच्या पानाखालचा डोळा जाड दांड्यावर असतो म्हणून फुटवा जोमदार येतो, इतकंच त्यातलं तथ्य. पण तिथवर कापताना चार-पाच चांगली पानं जातात. झाडाचं अन्न पानंच बनवतात. झाड तरुण किंवा अशक्त असेल तर झुपक्याच्या लगेच खाली कापावं, पानं राहू द्यावीत.

खुरपं
इथे मी असहमत. जोमदार झाडावर झुपक्याखाली कापत गेलं की टोकाला काटक्यांचं जाळं होतं, प्रत्येक बहरात दांडे बारीक होत जातात. आईसबर्गसारख्या दणकट झाडाला दांड्याचा तिसरा हिस्सा कापलेला मानवतो. अशक्त झाडाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य.

गच्ची
आणि वर्षाची मोठी छाटणी? मी सगळ्यांना सारखीच गुडघ्याखाली कापतो.

खुरपं
हायब्रीड टीला जितकी कडक छाटता तितकी फ्लोरिबंडाला नको. कमी दांडे आणि मोठं फूल हे हायब्रीड टीचं गणित. फ्लोरिबंडात भरपूर दांडे आणि भरपूर झुपके हवेत. मेलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं आधी काढा. मग सशक्त दांडे निम्म्यापर्यंत, बारीक दांडे त्याहून खाली. जुना, साल फाटलेला एखादा दांडा दरवर्षी मुळाशी कापा म्हणजे नव्याला जागा होते. आईसबर्ग त्याहून हलका छाटला, तिसरा हिस्सा, तर मोठं झुडूप होऊन फुलांनी झाकून जातो. छाटणीपासून बहरापर्यंत हवेनुसार सहा ते आठ आठवडे.

जुनीवही
इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट छाटलेले गुलाब आणि डोळा बघून नेटकेपणाने छाटलेले गुलाब यांची तुलना केली होती. सरसकट छाटलेले फुलण्यात कमी पडले नाहीत. म्हणून नवख्यांनी कापताना हात थरथरू देऊ नये. धार लावलेली कात्री असली की झालं.

पानगळ
फुलण्यात कमी पडले नाहीत हे खरं. पण मेलेल्या काटक्या आत साठत जातात आणि हवा खेळत नाही. ओल जिथे जास्त, तिथे मी हातानेच छाटेन.

मधमाशी
मस्त धागा. छाटणीवरून सुवासाकडे नेते. फ्लोरिबंडाला वास नसतो ही तक्रार मला पटत नाही. मार्गारेट मेरिल जवळून गेलं तरी कळतो, पिवळ्यात सनस्प्राइट, जांभळ्यात एंजल फेस. गटाच्या पूर्वजांत सुवासापेक्षा काटकपणा निवडला गेला म्हणून बरेच मंद वासाचे निघाले, एवढंच.

ओंजळ
तिसऱ्याचा फोटो टाकला आहे. खुरपं म्हणाले तसं पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी आहे आणि तिच्या कडेला झालर आहे, केसांसारखी बारीक. बाकीच्या दोघांच्या पट्ट्या जवळपास साध्या आहेत.

मैत्रीण म्हणाली सात पर्णिका असल्या की जंगली. याला सात आहेत, काही पानांना नऊही. पण आईसबर्गलाही काही पानं सात पर्णिकांची निघाली!

खुरपं
सात पर्णिकांचा नियम सोडून द्या. कित्येक चांगल्या बागेतल्या जातींना सात येतात. त्या नियमावर विसंबून लोकांनी चांगले फुटवे उपटलेले मी पाहिलेत.

झालरीने मात्र काम झालं. ही झालर मल्टिफ्लोराची, म्हणजे खुंट म्हणून वापरतात त्या जंगली गुलाबाची. त्यावर डोळा भरून (दुसऱ्या गुलाबाचा कोंब सालीत बसवून) केलेली कलमं बाजारात भरपूर असतात. पाच पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं, मोठे घोस, वर्षातून एकदाच बहर, सगळं जुळतंय.

पानगळ
एक सावधगिरी. पॉलिअँथालाही झालर असते, आणि फ्लोरिबंडांच्या रक्तात मल्टिफ्लोरा असल्यामुळे काहींत थोडीफार दिसते. तेव्हा दुसरी खूणही बघा. पुढच्या बहरात फुलाच्या मधोमध बघा. मल्टिफ्लोरात स्त्रीकेसरांचे दांडे एकमेकांना चिकटून एकच बारीक खांब पुंकेसरांच्या वर डोकावतो. इतर बहुतेक गुलाबांत ते सुटे असतात.

जुनीवही
फूल हातात घेतलंच आहे तर उलटं करून पाकळ्यांखालची पाच हिरवी पानंही बघा. दोघांना दोन्ही कडांना दाढी, दोघांना अजिबात नाही, आणि पाचव्याला एकाच बाजूला. यावर पाच भावांचं जुनं लॅटिन कोडं आहे. जात ओळखायला उपयोग नाही, पण एकदा बघितलं की प्रत्येक गुलाबात शोधायची सवय लागते.

झारी
आत्ता जाऊन बघून आले. खरंच आहे! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

गच्ची
माझा प्रश्न रोगाचा. माझ्या फ्लोरिबंडाच्या पानांवर काळे डाग, मग पान पिवळं होऊन गळतं. खालून सुरू होतं. बेकिंग सोडा मारू का?

पानगळ
डागाची कड विस्कटलेली, तंतुमय असेल तर तो काळ्या ठिपक्यांचा रोग, डिप्लोकार्पन बुरशी. तिचा बीजाणू रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या, संध्याकाळी पानांवर झारी नको (झारीताई, तुम्हाला नाही म्हणालो). गळलेली पानं रोज वेचा, कुंडीत कुजू देऊ नका. आत गर्दी झालेल्या काटक्या काढा. आईसबर्ग ओलसर हवेत या रोगाला बळी पडतो, हेही ओंजळ यांनी लक्षात ठेवावं.

भुरी वेगळी. तिला ओलं पान लागत नाही. दिवस कोरडे, रात्री गार आणि दमट असल्या की कोवळ्या शेंड्यावर पांढरी भुकटी येते आणि पानं मुरडतात. बेकिंग सोड्यातला सोडियम मातीत साठत जातो, त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट बरं, आणि तेही भुरीवर. ठिपक्यांवर त्याचा फार भरवसा ठेवू नका.

मधमाशी
भुरीवर पातळ केलेल्या दुधाची फवारणीही करतात. १९९९ मध्ये ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल यांनी झुकिनीच्या भुरीवर तिचा चांगला परिणाम दाखवला होता. गुलाबावर मी करते, सुरुवातीलाच केली तर उपयोग होतो. आणि माव्यासाठी औषध काढायच्या आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. मावा दिसला की पाठोपाठ तो खाणारे ढालकिडे येतात, त्यांना थोडा वेळ द्या.

खुरपं
शेंड्यावर मावा आणि भुरी दोन्ही एकदम असतील तर नत्र जास्त होतंय. नत्राने फुटवा लुसलुशीत होतो आणि त्यावर सगळे तुटून पडतात. छाटणीनंतर फुटव्याला पानं सुटली की एकदा आणि प्रत्येक बहर ओसरल्यावर एकदा समतोल खत, तेही ओल्या मातीत. ऊन रोज किमान सहा तास. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५. सामू वर गेला की लोह मातीत असूनही मिळत नाही, कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी खत वाढवून काही होत नाही.

ओंजळ
मंडळी, महत्त्वाची बातमी. खुरपं यांनी खुंट म्हटल्यावर मी तिसऱ्याच्या बुंध्याची माती हाताने बाजूला केली. दोन बोटं खाली एक जाड गाठ सापडली. सगळ्या उंच फांद्या त्या गाठीच्या खालून निघाल्यात. आणि गाठीच्या वरच्या अंगाला, त्या गर्दीत दडलेली, पेन्सिलीहून बारीक एक फांदी आहे! पानं गडद, जाड, पाच पर्णिका, झालर नाही. काकूंचा गुलाबी गुलाब जिवंत आहे का हा?

खुरपं
वा! हो, तोच. ती गाठ म्हणजे डोळा भरल्याची जागा. गाठीच्या वरून आलेलं ते कलम, खालून आलेलं ते खुंटाचं. पर्णिका मोजण्यापेक्षा ही खूण कधीही खात्रीची.

खालचे फुटवे कात्रीने कापू नका. कापले की बुडाशी राहिलेले डोळे दुप्पट जोमाने फुटतात. माती आणखी उकरून फुटवा जिथून निघतो तिथे पोहोचा आणि खाली ओढून उपटून काढा, बुडासकट.

मधमाशी
सगळाच खुंट काढून टाकू नका हो. मल्टिफ्लोराच्या घोसांवर मधमाश्या अक्षरशः तुटून पडतात, बारीक लाल फळं पक्षी खातात. एखादी फांदी वेगळी लावून कुंपणाला ठेवा.

पानगळ
मधमाशी, ते पक्षीच बिया दूरवर टाकतात. अमेरिकेत कुंपणासाठी म्हणून आवर्जून लावलेला मल्टिफ्लोरा कुरणं व्यापत गेला आणि तिथल्या अनेक राज्यांत तो आता उपद्रवी तण आहे. कुंडीत ठेवा आणि फळं काढून टाका, तर माझी हरकत नाही.

आणि खुरपं, सगळे फुटवे एका दिवसात काढू नयेत. मुळांना आत्ता अन्न त्याच पानांकडून मिळतंय. पेन्सिलीएवढी फांदी एवढ्या मोठ्या मुळांना पोसू शकणार नाही.

खुरपं
मान्य, हे बरोबर बोललात. ओंजळ, निम्मे फुटवे आत्ता उपटा, कलमाच्या फांदीवर सावली धरणारे आधी. उरलेल्यांचे शेंडे खुडून खाली वाकवून ठेवा. कलमाच्या फांदीला फुटवे येऊन ती हाताच्या बोटाएवढी झाली की बाकीचे काढा.

ओंजळ
आजच करते. तिचं नाव आत्ताच सांगता येईल का कुणाला? काकू म्हणतात फिकट गुलाबी, भरगच्च.

जुनीवही
नाही, आणि कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. फिकट गुलाबी भरगच्च फ्लोरिबंडा ढिगाने आहेत. सेक्सी रेक्सी असू शकतो, आणि असंख्य दुसरे. एक वही करा. कळीचा रंग, उमललेल्या फुलाचा, कोमेजताना होणारा, पाकळ्यांची संख्या, झुपक्यात फुलं किती, काट्याचा आकार, सरळ की खाली वाकलेला, कोवळ्या पानाचा रंग, तांबूस की हिरवा, वास, उंची. हे वर्षभर टिपलं की नावापर्यंत पोहोचता येतं. आईसबर्ग तुमच्या वर्णनावरून जवळपास नक्की आहे, मास्करेड बऱ्यापैकी संभव आहे, आणि तिसऱ्याला वेळ द्या. काळजी तिघांची सारखीच घ्यायची असल्यामुळे नावासाठी काही अडणार नाही.

झारी
ती एकच फांदी आहे आणि ओंजळ तिच्याजवळ जोर लावून फुटवे उपटणार. मला धाकधूक होतेय. तिचं दुसरं रोप करून ठेवता येणार नाही का आधी?

खुरपं
झारी, चांगला प्रश्न. आत्ता ती फांदी कापायची नाही. पण फुटवे उपटताना तिला काठीचा आधार बांधा आणि एका हाताने गाठ धरून ठेवा.

रोपाचं असं करा. काढलेल्या मल्टिफ्लोराच्या फांद्यांची वीतभर लांबीची छाटं ओलसर हलक्या मातीत लावा, ती सहज मुळं धरतात. मातीत जाणाऱ्या भागातले डोळे काढा म्हणजे पुढे खालून खुंटाचे फुटवे येणार नाहीत. तोवर गुलाबी फांदी वाढेल आणि फुलेल. नुकतंच फूल ओसरलेल्या दांड्याच्या मधले डोळे भरायला सगळ्यात चांगले. काटा अंगठ्याने बाजूला दाबला की कट्‌कन मोडून स्वच्छ खूण राहिली, तर दांडा तयार समजा. वाकला नि सालीसकट सोलला गेला तर अजून कोवळा. खुंटाच्या सालीला टी आकाराची चीर द्या, साल सहज सुटली पाहिजे, डोळा आत सरकवा आणि पट्टीने घट्ट बांधा, डोळा मोकळा ठेवून. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर धरला.

गच्ची
एकाच खुंटावर दोन डोळे भरले तर? एक गुलाबी, एक आईसबर्ग?

पानगळ
भरता येतात, पण आईसबर्ग जोमात पुढे जाईल आणि गुलाबी पुन्हा दबेल. दोन खुंट घ्या. ओंजळ यांच्याकडे खुंटांचा तुटवडा नाही :)

ओंजळ
निम्मे फुटवे काढले, गुलाबी फांदीला काठी बांधली, खुंटाची आठ छाटं कुंडीत लावली. ज्यांना डोळे भरून बघायचेत त्यांच्यासाठी चार जास्तीची आहेत. गच्ची, तुम्हाला हवी का?